दोन गोळे, एक जहाज : यालूची लढाई, १७ सप्टेंबर १८९४

दुपारचे अडीच वाजले होते. चीन आणि जपान यांच्यात युद्ध पेटलेलं होतं. पिवळ्या समुद्रात, चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या मुखाजवळ, जपानी आरमाराचं ध्वजजहाज ‘मात्सुशिमा’ दीड तासाहून अधिक वेळ लढत होतं. तेवढ्यात चिनी ‘पिंगयुआन’चा २६ सेंटिमीटरचा गोळा त्याच्या कुशीत घुसला. मधल्या भिंती फोडत तो टॉर्पेडोच्या खोलीत गेला, तिथली चार माणसं त्याने मारली आणि मोठ्या तोफेच्या बुरुजाच्या चिलखतावर आपटून त्याचे तुकडे झाले. फुटला मात्र नाही.

तासाभराने, साडेतीनच्या सुमारास, ‘झेनयुआन’ या चिनी युद्धनौकेचा साडेतीस सेंटिमीटरचा, म्हणजे बारा इंची गोळा त्याच जहाजाच्या तोफमजल्यावर आला. तो फुटला. तोफांशेजारी रचून ठेवलेली काडतुसं त्याने पेटवली आणि क्षणार्धात शंभराच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. मजल्यावरच्या तोफा उखडल्या, जहाजाला आग लागली. ती विझली खरी, पण मात्सुशिमा लढाईतून बाद झालं. सेनापती इतो सुकेयुकी यांना आपला बावटा ‘हाशिदाते’वर हलवावा लागला.

दोन्ही गोळे जड होते, दोन्ही नेमके बसले. एक नुसता आरपार गेला, दुसऱ्याने जहाज निकामी केलं. यालूच्या लढाईकडे मी याच दोन गोळ्यांपासून बघतो. एरवी या लढाईचा धडा एका वाक्यात सांगितला जातो : जलद माऱ्याच्या लहान तोफांनी संथ, अवजड तोफांना हरवलं. यात तथ्य आहे. पण त्या दिवसाचा सगळ्यात भयानक एकच फटका एका संथ, अवजड तोफेने मारला होता, आणि तो हरलेल्या बाजूचा होता. मग चूक तोफेची होती की तोफेत जे भरलं त्याची? माझं उत्तर दुसऱ्या बाजूला झुकतं.

समोरासमोर कोण होतं

चीनच्या उत्तरेकडच्या, म्हणजे बैयांग आरमाराचा कणा दोन जहाजं होती : ‘डिंगयुआन’ आणि ‘झेनयुआन’. जर्मनीतल्या स्टेटिनच्या गोदीत बांधलेली ही जुळी जहाजं १८८५ मध्ये चीनला पोचली. वजन सात हजार टनांवर, मध्यभागी चौदा इंच जाडीचं चिलखत आणि प्रत्येकी चार बारा इंची क्रुप तोफा. त्या काळात पूर्व आशियात यांच्या तोडीचं दुसरं जहाज कोणाकडेही नव्हतं. जपानला या जुळ्यांची धास्ती होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

तेवढ्या मोठ्या चिलखती नौका विकत घेणं जपानला परवडत नव्हतं. फ्रेंच अभियंता एमिल बर्तां यांनी तोडगा काढला : जहाज लहानच ठेवायचं, पण त्यावर एकच राक्षसी तोफ बसवायची. मात्सुशिमा, इत्सुकुशिमा आणि हाशिदाते ही तीन जहाजं अशी झाली. प्रत्येकी साधारण ४,२०० टन आणि प्रत्येकी एक ३२ सेंटिमीटरची कानेत तोफ. कागदावर ही तोफ डिंगयुआनचं चिलखत भेदू शकत होती. समुद्रावर मात्र ती आडवी फिरवली की तिच्या वजनाने जहाजच कलंडायचं आणि नेम ढळायचा. गोळा भरून पुन्हा नेम धरेपर्यंत शत्रू कुठल्या कुठे गेलेला असायचा. दिवसभरात तीन जहाजांच्या मिळून तीन तोफांनी १३ गोळे उडवले : चार, पाच आणि चार. त्यांतला एकही उपयोगी पडला नाही. ज्या तोफेसाठी ही जहाजं बांधली तीच निरुपयोगी ठरली आणि जोडीला म्हणून बसवलेल्या लहान तोफांनी सगळं काम केलं.

या लहान तोफांचं यंत्र नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जुन्या तोफेला बार झाला की ती धक्क्याने मागे सरकायची. तिला पुन्हा जागेवर आणायचं, नळी ओल्या बोळ्याने पुसायची (आत धुमसती चिंधी राहिली तर नवी दारू हातातच पेटणार), गोळा आणि दारूची पिशवी वेगवेगळी भरायची आणि नेम पुन्हा पहिल्यापासून धरायचा. १८८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या जलद तोफेत यातली बहुतेक कामं नाहीशी झाली. धक्का द्रवाच्या दट्ट्याने झेलला जाई आणि स्प्रिंग नळीला आपोआप पुढे ढकली, त्यामुळे तोफचीची नजर लक्ष्यावरून हटत नसे. दारू पितळी काडतुसात बंद असे. बार झाला की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. जुनी तोफ एक-दोन बार करी तेवढ्यात ही पाच-सहा करी.

इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात बांधलेली ‘योशिनो’ अशाच तोफांनी सजलेली होती : चार सहा इंची आणि आठ पावणेपाच इंची. वेग २३ नॉट, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत वेगवान क्रूझरांपैकी एक. जपानी ताफ्यात अशा तोफा साठाच्या वर होत्या. चिनी रांगेत त्या आकाराच्या जलद तोफा जवळपास नव्हत्याच.

त्या का नव्हत्या, याचं उत्तर पैशात आहे. १८९१ मध्ये चीनच्या महसूल मंडळाने परदेशी तोफा आणि जहाजांच्या खरेदीला स्थगिती दिली. त्याच वर्षांत आरमाराच्या नावाने जमवलेला पैसा राजमाता त्सशी यांच्या उन्हाळी राजवाड्याकडे वळत होता. तीन-चार वर्षांपूर्वी जे आरमार आशियात पहिलं होतं, त्यावर एकही नवी मोठी तोफ चढली नाही, आणि नेमक्या त्याच काळात तोफांचं तंत्र बदलून गेलं. बैयांग आरमाराचे सेनापती डिंग रुचांग यांनी जलद तोफा मागितल्या होत्या. मिळाल्या नाहीत.

डोलकाठीवरचा सेक्स्टंट

१६ सप्टेंबरला चिनी आरमाराने सैन्य घेऊन जाणारी जहाजं यालूच्या मुखापर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजावर धूर दिसला. दहा चिनी जहाजं नांगर उचलून निघाली. समोर बारा जपानी जहाजं होती, त्यात कसलंही चिलखत नसलेलं प्रवासी जहाज ‘सायक्यो मारू’ही. जपानी आरमारप्रमुख काबायामा सुकेनोरी त्यावर स्वार होते.

झेनयुआनवर फिलो मॅकगिफिन नावाचा अमेरिकी अधिकारी होता. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडून, अमेरिकेत नेमणूक न मिळाल्याने तो चीनला आला होता. त्याने पुढे लिहिलेल्या वर्णनात चिनी तयारीचे जे तपशील आहेत ते मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांत भाबडेपणा नाही. लाकडी होड्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या, कारण गोळा लागला की लाकडाच्या ढलप्या माणसं मारतात आणि आग पसरते. मोठ्या तोफांवरची पातळ पोलादी टोपणं काढून टाकली होती, कारण इंचभर पत्रा गोळा अडवत नाही, उलट त्याला आतमध्ये फोडतो. तोफांभोवती कोळशाची पोती आणि वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या. डेकवर पाणी मारून वाळू पसरली होती, म्हणजे रक्तावरून पाय घसरू नये. ज्यांनी ही तयारी केली त्यांना काम येत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

डोलकाठीवरच्या माचीत एक तरुण लेफ्टनंट हातात सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन उभा होता. जपानी जहाजाच्या डोलकाठीची उंची माहीत, तिचा कोन मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचं. तेव्हा यापेक्षा चांगलं साधन जहाजावर नव्हतं. तो अंतर पुकारायचा : सहा हजार मीटर, पाच हजार आठशे... प्रत्येक आकड्याबरोबर एक लहान बावटा खाली झुकायचा आणि खाली तोफेच्या नेमकाठ्या तेवढ्या सरकायच्या. एका माणसाच्या डोळ्यावर आणि घशावर सगळी गोलंदाजी उभी होती. बारांचा धूर आणि आवाज सुरू झाल्यावर त्याचं काय होणार, हे सांगायला नको.

बारा पन्नासच्या सुमारास, पाच हजार मीटरांहून अधिक अंतरावरून, डिंगयुआनने पहिला बार केला. गोळा जपानी जहाजांच्या अलीकडे पडला. आणि लढाईच्या पहिल्याच मिनिटांत डिंगयुआनवरचा पूल, म्हणजे तोफांवरून आडवी जाणारी कप्तानाची माची, कोसळला. स्वतःच्याच तोफांच्या दणक्याने, असं बहुतेक लेखक सांगतात. त्यावर सेनापती डिंग उभे होते. ते जखमी झाले. थोड्याच वेळात इशाऱ्याचे दोरही गेले. पुढची साडेचार तास चिनी आरमाराला वरून एकही नवा हुकूम मिळाला नाही.

जपानी जहाजांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. तीन हजार मीटरपर्यंत येऊ दिलं आणि मग सुरुवात केली. हा निर्णय मला त्या दिवसाच्या गोलंदाजीतला सर्वांत शहाणा वाटतो. लहान तोफेचा जोर जवळूनच आहे, आणि दूरवर दारू जाळून हाती काही लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फळी आणि रांग

मांडणीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण यावर खूप लिहिलं गेलं आहे. चिनी जहाजं बाजूबाजूला फळी धरून, नाळ, म्हणजे पुढचं टोक, शत्रूकडे करून आली. यामागे १८६६ च्या लिस्सा लढाईची आठवण होती, जिथे ऑस्ट्रियाच्या जहाजाने इटालियन जहाजाला धडक मारून बुडवलं होतं. शिवाय डिंगयुआनच्या तोफा तिरक्या बसवलेल्या होत्या आणि चारही समोर मारा करू शकत, म्हणून नाळ पुढे ठेवण्यात तर्क होता. जपानी मात्र एकामागे एक रांगेत चालले. त्सुबोई कोझो यांच्या चार वेगवान क्रूझर (त्यांतल्या ‘नानिवा’चे कप्तान तोगो हेइहाचिरो) फळीच्या पुढून आडव्या धावल्या आणि उजव्या टोकावर तुटून पडल्या.

उजव्या टोकाला सगळ्यात दुबळी जहाजं होती. ‘चाओयोंग’ आणि ‘यांगवेई’ ही १८८१ ची, पातळ पत्र्याची, आत रोगण लावलेल्या लाकडी भिंतींची. दोन्ही पेटली. आत आग पसरली की तोफांपर्यंत दारू पोचवणारे रस्तेच बंद होतात, मग तोफ शाबूत असली तरी मुकी होते. दोन्ही जहाजं गेली.

याच गोंधळात जपानचंही एक जुनं जहाज, ‘हिएई’, रांगेचा वेग गाठू न शकल्याने मागे पडलं आणि चिनी जहाजांच्या मधूनच घुसून बाहेर पडलं. एक बारा इंची गोळा त्याच्या आत फुटला, जिथे जखमींवर उपचार चालले होते तिथे. हिएई लढाई सोडून गेलं. ‘आकागी’ या लहान गनबोटीचा कप्तान मारला गेला. सायक्यो मारूवर बारा इंची गोळे बसले, पण चिलखत नसलेल्या त्या जहाजातून ते एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेले. मग ‘फुलोंग’ या टॉर्पेडो बोटीने जवळ येऊन तीन टॉर्पेडो सोडले. शेवटचा इतक्या जवळून सोडला की तो वर यायच्या आधीच जहाजाखालून निघून गेला. काबायामा वाचले.

आता हिएई आणि सायक्यो मारू शेजारी ठेवून पाहा. तोफ तीच, आकार तोच. एकात गोळा फुटला, दुसऱ्यातून निसटला.

गोळ्याच्या पोटात काय

बारा इंची तोफेसाठी तेव्हा मुख्यतः दोन प्रकारचे गोळे असत. चिलखत भेदायचा कठीण पोलादी गोळा, ज्यात दारू अगदी थोडी किंवा नाहीच. आणि पोटात भरपूर दारू असलेला साधा फुटणारा गोळा. जपानी जहाजांना जाड चिलखत जवळपास नव्हतं. त्यांच्यावर भेदक गोळा टाकणं म्हणजे कागदावर दाभण मारणं : भोक पडेल, बाकी काही नाही. हवे होते ते फुटणारे गोळे, आणि नेमके तेच चिनी कोठारांत फार थोडे होते. संध्याकाळी झेनयुआनवर बारा इंची तोफांसाठी वीसेक गोळे उरले होते आणि ते सगळे पोलादी. फुटणारा एकही नाही.

चिनी गोळ्यांत दारूऐवजी सिमेंट किंवा कोळशाची पूड भरली होती, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे आणि ती भ्रष्टाचाराची म्हणून सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. सरावाच्या गोळ्यांत आणि भेदक गोळ्यांत वजन भरून काढायला निर्जीव माल भरणं ही तेव्हाची सर्रास रीत होती. लबाडी झालीच नसेल असं मी म्हणत नाही. पण खरा दोष त्याहून कंटाळवाणा आणि त्याहून मोठा आहे : युद्ध अनेक आठवडे आधी सुरू झालेलं असताना लढाईच्या जहाजांवर लढाईचे गोळे पुरेसे चढवले गेले नाहीत. कोणी तरी यादी बघायला हवी होती. चोर पकडणं सोपं असतं, न बघितलेली यादी शोधणं कठीण.

पुन्हा मात्सुशिमाकडे येतो. तिथे झेनयुआनचा जो गोळा फुटला त्याने एवढा संहार केला याचं अर्धं श्रेय जपानी जलद तोफांना जातं. मिनिटाला पाच-सहा बार करायचे तर काडतुसं तळातल्या कोठारातून एकेक आणून भागत नाही, ती तोफेशेजारी रचून ठेवावीच लागतात. तोफ जितकी जलद तितका ढीग मोठा. ज्या वेगाने जपान जिंकत होता, त्याच वेगाने त्या डेकवर सरण रचलं होतं. असे आणखी चार-पाच गोळे फुटले असते तर आज आपण जलद तोफेचे धोके शिकत असतो.

न बुडालेली जुळी

फळी फुटल्यावर ‘झियुआन’ने धडक मारण्यासाठी योशिनोच्या दिशेने झेप घेतली आणि वाटेतच बुडालं. कप्तान देंग शीचांग जहाजाबरोबर गेले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात. ‘जिंगयुआन’ही बुडालं. काही जहाजं पळाली. मधोमध डिंगयुआन आणि झेनयुआन तेवढी उरली आणि जपानी मुख्य ताफा त्यांच्याभोवती फिरत मारा करत राहिला.

डिंगयुआनला १५९ गोळे लागले, झेनयुआनला २२०. चिलखताखालचा एकही भाग भेदला गेला नाही. जाड पट्ट्यावर तीन-चार इंचांचे खळगे पडले, एवढंच. चिलखताबाहेरचं मात्र सगळं फाटलं आणि पुनःपुन्हा पेटलं. झेनयुआनच्या नाळेवर आग विझवायला मॅकगिफिन स्वतः माणसं घेऊन गेला. समोर बार करायचा नाही असं त्याने उजव्या मोठ्या तोफेला बजावलं होतं. तो हुकूम ऐकलेला तोफची मध्येच मारला गेला आणि त्याच्या जागी आलेल्याला काही ठाऊक नव्हतं. मॅकगिफिनने मान वळवली तर त्या तोफेचं तोंड नेमकं त्याच्यावर रोखलेलं. त्याने अंग झोकून दिलं आणि वाचला. पण त्या दिवसाने त्याचे डोळे आणि कान कायमचे खराब केले. १८९७ मध्ये त्याने आयुष्य संपवलं.

आगीची सगळ्यात वाईट हकिगत ‘लाययुआन’ची आहे. वरचा डेक पेटला म्हणून यंत्रखोलीचे झरोके बंद करावे लागले. खाली अंधार, वर लाल तापलेलं लोखंड, हुकूम फक्त नळीतून येणारे. तिथल्या लोकांनी जागा सोडली नाही. जहाज परत आलं, पण ते लोक भाजलेले होते आणि काहींची दृष्टी गेली होती.

साडेपाचच्या सुमारास जपानी ताफा बाजूला झाला. अंधारात टॉर्पेडो बोटींचं भय होतं. चीनची पाच जहाजं गेली होती, त्यांतलं एक पळताना खडकावर चढून. चिनी मृत साडेआठशेच्या आसपास, जपानी मृत शंभराच्या आसपास. जपानचं एकही जहाज बुडालं नाही.

मात्सुशिमाच्या त्या स्फोटात जखमी झालेला मिउरा तोराजिरो हा खलाशी मरताना वरिष्ठाला विचारत होता : डिंगयुआन अजून बुडालं नाही का? यावर पुढे गाणं झालं आणि जपानी मुलांनी ते पिढ्यान् पिढ्या म्हटलं. त्याला सांगितलं गेलं की ते आता लढू शकणार नाही. बुडालं मात्र नव्हतं. त्या दिवशी जपानकडे डिंगयुआन बुडवू शकणारी एकही उपयोगी तोफ नव्हती.

यालूनंतर जगभरच्या आरमारांनी जहाजांवरचं लाकूड काढायला आणि जलद तोफा चढवायला घेतलं. नेमबाजीकडे मात्र कोणी तितक्या गांभीर्याने पाहिलं नाही. चार वर्षांनी, १८९८ मध्ये, क्यूबाच्या सांतियागोसमोर अमेरिकी जहाजांनी साडेनऊ हजारांच्या आसपास गोळे उडवले आणि स्पॅनिश जहाजांवर त्यांतले सव्वाशेच्या आत सापडले. स्पॅनिश जहाजं तिथेही आगीनेच गेली.

डिंगयुआन शेवटी तोफेने गेलंच नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये वेईहायवेईच्या बंदरात रात्री शिरलेल्या टॉर्पेडो बोटींनी ते जायबंदी केलं आणि नंतर त्याच्याच माणसांनी ते उडवलं. डिंग रुचांग यांनी त्याच महिन्यात आत्महत्या केली. झेनयुआन जपानने ताब्यात घेतलं. दहा वर्षांनी त्सुशिमाच्या लढाईत ते जपानी बावट्याखाली होतं. डिंगयुआनच्या अवशेषांतून जपानमध्ये, दाझायफूला, एक घर बांधलेलं आहे. त्याच्या फाटकाला त्या जहाजाचे लोखंडी पत्रे लावले आहेत आणि त्यांत गोळ्यांची भोकं आहेत. ते पातळ पत्रे आहेत, चिलखत नव्हे.